गरम झालं की रुसणारा मॅग्नेटो

थंड असताना इंजिन दहाबारा हँडलांत सुरू व्हायचं. दोन-तीन धुरकट ढेकर द्यायचं, फ्लायव्हील जड अंगाने फिरायला लागायचं आणि वीसेक मिनिटं सगळं छान चालायचं. मग एक ठोका चुकायचा. पाठोपाठ आणखी एक. कार्ब्युरेटरची सुई फिरवून बघेपर्यंत फ्लायव्हील स्वतःच्या वजनावर चार-सहा गिरक्या घेऊन थांबलेलं असायचं. त्यानंतर खांदा निखळेपर्यंत हँडल मारलं तरी काही नाही. संध्याकाळी गार झालं की पुन्हा काही घडलंच नाही अशा थाटात सुरू.

1930च्या दशकातलं हे एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जेमतेम दीड हॉर्सपॉवरचं. पंप किंवा चारा कापायचं यंत्र चालवायला अशी इंजिनं वापरत. त्यात ना बॅटरी, ना डायनॅमो. ठिणगीसाठी बाजूला एक मॅग्नेटो बसवलेला असतो, तो गिअरवर इंजिनच्या निम्म्या गतीने फिरतो आणि फिरता फिरता स्वतःच वीज तयार करून प्लगला देतो. म्हणजे इंजिन बाहेरच्या कुणावर अवलंबून नाही. मात्र मॅग्नेटो रुसला की त्याची समजूत काढायलाही बाहेरचं कुणी नाही.

प्लग काढून सिलिंडरच्या डोक्यावर टेकवला आणि फ्लायव्हील हाताने झटकलं. ठिणगी दिसली, पण पिवळट, बारीक, उदबत्तीच्या टोकासारखी मरगळलेली. चांगली ठिणगी निळसर पांढरी असते आणि तिचा 'टक्' असा आवाज कानाला कळतो. ही मुकी होती. जो बघेल तो एकच सांगायचा: "चुंबक उतरलाय. चार्ज करून घे." मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर पटवून घेतलं, कारण चुंबक चार्ज करायचं यंत्र घरी बनवायची मला कित्येक दिवसांची हौस होती.

माझ्याकडचा मॅग्नेटो जुन्या धाटणीचा. वर घोड्याच्या नालेसारखा मोठा चुंबक. त्याच्या दोन पायांमध्ये इंग्रजी एच अक्षराच्या आकाराचं लोखंडी आर्मेचर फिरतं. त्या आर्मेचरवर आधी जाड तारेचे पावणेदोनशे-एक वेढे असतात, ती प्रायमरी. तिच्यावर केसासारख्या तारेचे दहा हजारांच्या आसपास वेढे, ती सेकंडरी. अर्ध्या फेरीत आर्मेचरमधून जाणाऱ्या चुंबकीय प्रवाहाची दिशा उलटते, प्रायमरीत करंट उभा राहतो आणि तो ऐन भरात असताना पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे दोन धातूचे संपर्क, उघडून त्याला तोडतात. तो जितक्या झटक्यात तुटेल तितका सेकंडरीत विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जास्त. रॉबर्ट बॉशने 1887 मध्ये पहिला मॅग्नेटो बनवला तो अशाच एका जागेवर उभ्या असलेल्या इंजिनासाठी, पण तो कमी दाबाचा होता, ठिणगी सिलिंडरच्या आतच संपर्क तोडून पाडावी लागे. प्लगला थेट ठिणगी देणारा जास्त दाबाचा मॅग्नेटो त्याच्याच कारखान्यात गॉटलोब होनोल्डने 1902 च्या सुमारास तयार केला. माझ्या टेबलावरचा मॅग्नेटो त्याचाच वंशज.

पहिली चूक खोलतानाच केली. चार स्क्रू काढले आणि नालचुंबक सरळ वर उचलून बाजूला ठेवला. दिसायला अगदी निरुपद्रवी गोष्ट. पण त्या काळातले नालचुंबक टंगस्टन किंवा क्रोमियम मिसळलेल्या पोलादाचे असत, आणि असं पोलाद चुंबकत्व धरून ठेवण्यात कच्चं. दोन पायांमध्ये लोखंडाचा पूल असेपर्यंत ठीक. पूल गेला की चुंबक स्वतःच स्वतःला उतरवायला लागतो. आर्मेचर जागेवर असतं तेव्हा तेच पुलाचं काम करतं. म्हणून चुंबक काढण्याआधी दोन्ही पायांवर मऊ लोखंडाची पट्टी आडवी लावायची असते. तिला कीपर म्हणतात. हे मला चुंबक टेबलावर ठेवल्यावर आठवलं. उरलासुरला जीवही मीच काढून घेतला होता. आधी त्याला पाऊण किलोची लोखंडी पट्टी चिकटून राहायची, दुसऱ्या दिवशी ती धरवेना. (अल्निको हे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचं मिश्रधातू 1930च्या दशकात आलं आणि मॅग्नेटोतले चुंबक आखूड, ठेंगणे झाले. ते जास्त चिवट असतात, पण चांगल्या अल्निकोलाही लोखंडाच्या घेरातून उघडं काढलं तर फटका बसतोच.)

आता चार्जर बनवणं भागच होतं.

50 मिलिमीटर जाडीचे, दीडशे मिलिमीटर लांबीचे मऊ लोखंडाचे दोन गोल दांडे घेतले आणि खाली जाड लोखंडी पाटावर बोल्टने आवळले. मऊ लोखंडच हवं. पोलादी दांडा घेतला तर तोच चुंबक होऊन बसतो. प्रत्येक दांड्यावर 2 मिलिमीटरच्या इनॅमल तारेचे पाचशे वेढे, सात थरांत. दोन्ही कॉइलींची मिळून तार दोनशे मीटरच्या आसपास आणि वजन साडेपाच किलोच्या वर. दोन कॉइली एकामागे एक अशा जोडल्या, की एका दांड्याचं वरचं टोक उत्तर होईल आणि दुसऱ्याचं दक्षिण. रोध साधारण 1.1 ओहम आला. गाडीच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट दिले की 20 अ‍ॅम्पिअर वाहतात. हजार वेढे गुणिले वीस, म्हणजे वीस हजार अ‍ॅम्पिअर-टर्न. जुन्या पोलादाला तेवढं भरपूर झालं.

पहिल्यांदा स्विच बंद केला तेव्हा त्याच्या पात्यातून बोटभर लांब निळी ज्वाला निघाली आणि पातं काळं पडलं. ज्या तत्त्वावर मॅग्नेटो ठिणगी पाडतो तेच तत्त्व माझ्याच स्विचने मला दाखवून दिलं: कॉइलमधला करंट अचानक तोडला की ती चवताळते. मग कॉइलच्या दोन टोकांवर उलट्या दिशेने एक दांडगा डायोड लावला आणि ज्वाला थांबली. असं यंत्र करणाऱ्याने डायोड आधी लावावा, पातं नंतर विकत घ्यावं लागत नाही.

चुंबक कुठल्या बाजूने ठेवायचा हाही प्रश्न असतो. जुन्या दिशेतच चार्ज करणं सोयीचं, कारण उलट ठेवला तर आधीचं सगळं पुसून नव्याने उभं करावं लागतं, आणि चार्जरचा जोर कमी पडला तर चुंबक अधांतरी लटकतो. होकायंत्राने टोकं तपासता येतात. मी सोपी युक्ती केली. चुंबक दोरीने उलटा टांगला, चार्जरला नुसते सहा व्होल्ट दिले आणि वर धरला. तो आपणहून गर्रकन फिरला आणि हवं ते पाऊल हव्या त्या दांड्यावर टेकून उभा राहिला. मग पूर्ण 24 व्होल्ट. दोन-तीन सेकंद चालू, बंद, पुन्हा चालू, असं पाच-सहा वेळा. चुंबकाला स्वतःला क्षणभर पुरतो, वेळ लागतो तो एवढ्या मोठ्या कॉइलीत करंट चढायला. काही जण चालू असताना चुंबकावर लाकडी हातोडीने टिचक्या मारतात. मीही मारल्या, त्याने फरक पडला की नाही हे देव जाणे.

यातला नाजूक भाग शेवटचा. करंट बंद केल्यावर चुंबक उचलायच्या आधी दोन्ही पायांच्या सपाट अंगावर कीपर आडवा चिकटवला, मगच तो चार्जरवरून ओढून काढला. मॅग्नेटोत आर्मेचर आधीच बसवून ठेवलं होतं. नाल वरून हळूहळू खाली सरकवत गेलो तसतसा कीपर वर सरकत गेला, आणि पाय जागेवर बसल्यावरच तो निघाला. एका क्षणासाठीही चुंबक उघडा राहिला नाही. त्याच्या आधी मोह आवरला नाही म्हणून कीपरला खाली वजन टांगून पाहिलं होतं. तीन किलोचा ठोकळा लोंबकळत राहिला.

मग आर्मेचरचा दांडा चिमटीत धरून फिरवला. आधी तो लोण्यातून फिरल्यासारखा फिरायचा. आता एका फेरीत दोनदा असा अडला की बोटं घसरली. ज्याने हा अडसर हाताला एकदा अनुभवलाय त्याला जोरदार मॅग्नेटो ओळखायला मीटर लागत नाही. ठिणगी निळी, पाच मिलिमीटरची फट सहज ओलांडणारी. इंजिनाला बसवला, तिसऱ्या हँडलला सुरू झालं. मी हात पुसत पुसत फोटो काढले.

अठराव्या मिनिटाला इंजिन बंद पडलं.

माझे एक काका आयुष्यभर विजेच्या मोटरींचं वाइंडिंग, म्हणजे तारा गुंडाळायचं काम, करत आले. त्यांना दाखवायला नेलं तेव्हा मी आधी माझे आकडे वाचून दाखवले: प्रायमरी अर्धा-पाऊण ओहम, सेकंडरी साडेपाच हजार, सगळं पुस्तकाप्रमाणे. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "अरे, ओहम मोजून काय कळतं? तार सलग आहे एवढंच. तारेच्या अंगावरचं कातडं शाबूत आहे का ते सांग. आणि तू हे मोजलंस कधी, गार असताना ना?"

"हो."

"मग गार असताना तर इंजिन पण चालतंय तुझं. तापव आणि मोज."

इतका सरळ मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता, आणि ज्यांनी ज्यांनी 'चुंबक' म्हणून सांगितलं त्यांच्याही आला नव्हता. चुंबक इंजिनाच्या गरमीने वीस मिनिटांत उतरून संध्याकाळी परत चढत नाही. माझा चुंबक कमजोर होता हे खरंच होतं, पण तो रोगातला एक हिस्सा होता आणि तोही सगळ्यात लहान.

आर्मेचर बाहेर काढलं. (या वेळी कीपर लावून.) एका टोकाच्या पितळी टोपणाखाली कंडेन्सर दडलेला असतो. पॉइंट उघडताना करंटला उडी मारून जायला जागा मिळू नये, तो झटक्यात तुटावा म्हणून हा. तो बिघडला की पॉइंटमध्ये ठिणग्या उडतात, प्रायमरीचा करंट रेंगाळत रेंगाळत तुटतो आणि प्लगपर्यंत काही पोचत नाही. त्याची गंमत अशी की तो प्रायमरीला समांतर जोडलेला असतो. जागेवर मोजायला गेलं तर मीटर प्रायमरीचाच अर्धा ओहम दाखवतो आणि माणूस कंडेन्सर शॉर्ट आहे म्हणून हळहळतो. सोल्डर वितळवून एक टोक सुटं केलं आणि 500 व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, लावलं. गार असताना दोन मेगओहमच्या आसपास. कंडेन्सरसाठी हेच मुळात वाईट, चांगल्याचा काटा शेकड्यांत जायला हवा. केस वाळवायच्या यंत्राने गरम हवा मारली तशी सुई खाली घसरायला लागली. आर्मेचर हाताला चटका देण्याइतकं झालं तेव्हा ती एक लाख ओहमच्याही खाली होती. कागद आणि वर्खाच्या त्या गुंडाळीत दमटपणा कधीचाच शिरला होता.

नवा कंडेन्सर शोधताना किंमत महत्त्वाची नसते, जागा महत्त्वाची असते. लागतो 0.15 ते 0.2 मायक्रोफॅरडचा. पण पॉइंट उघडतात त्या क्षणी त्याच्यावर दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो, तोही मिनिटाला शेकडो वेळा, म्हणून साधा चालत नाही. 630 व्होल्टचा, झटके सोसणारा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा घेतला तर तो टोपणात मावेना. मग 0.1 चे दोन चपटे कंडेन्सर समांतर जोडून पाठीला पाठ लावून बसवले आणि भोवती इपॉक्सी भरलं. मॅग्नेटो फिरतो तेव्हा आतलं सगळं फिरतं, त्यामुळे सैल सोडून चालत नाही.

इंजिन आता चाळीस मिनिटं चाललं. मग तेच.

काकांचं उरलेलं वाक्य खरं ठरायचं होतं. आर्मेचर बाहेर असताना त्याला साध्या कॉइलसारखं तपासता येतं. सहा व्होल्टची बॅटरी, करंट तीन-चार अ‍ॅम्पिअरच्या वर जाऊ नये म्हणून मालिकेत एक रेझिस्टर, आणि पॉइंट हाताने उघडझाप करायचे. गार असताना सहा मिलिमीटरची ठिणगी. गरम हवा मारल्यावर चार, मग दोन, मग कुठेतरी आतूनच बारीक चुरचुर ऐकू आली आणि बाहेर काहीच नाही. कान जवळ नेला तर वास आला. जुनी लाख तापल्याचा गोडसर, करपट वास. त्या काळी वाइंडिंग मजबूत करायला लाखेचं वार्निश पाजत. लाख साठ-सत्तर अंशांना मऊ पडते. माझ्या आर्मेचरच्या पोटावर तपकिरी, चिकट ओघळ दिसत होते, फिरता फिरता बाहेर फेकली गेलेली लाख. आत तारांमध्ये काय उरलं असेल ते समजलं.

वाइंडिंग बाहेरून करून घेणं शहाणपणाचं. मी आधी तेच केलं होतं, दुसऱ्या एका मॅग्नेटोच्या वेळी. आर्मेचर परत आलं ते इतकं जाड होऊन की ते चुंबकाच्या पोलवर, म्हणजे आर्मेचरला दोन्ही बाजूंनी वेढणाऱ्या लोखंडी तुकड्यांवर, घासायचं. आर्मेचर आणि पोल यांच्यात फट असते दहा-वीस शतांश मिलिमीटरची, तिथे वार्निशचा एक थेंबही नडतो. म्हणून या वेळी स्वतः करायचं ठरवलं.

जुनी सेकंडरी उलगडता आली नाही, ती लाखेत एकजीव होऊन ढेप झाली होती. ब्लेडने चिरून काढली. खालची प्रायमरीही काढली. नवी प्रायमरी 0.8 मिलिमीटरच्या तारेची, एकशे सत्तर वेढे, हातानेच घातली, अर्धा तास लागला. मग कागद, मग सेकंडरी.

सेकंडरीची तार 0.07 मिलिमीटरची. दहा हजार वेढ्यांना सव्वा किलोमीटरच्या वर लागते आणि तिचं वजन पन्नास ग्रॅमही भरत नाही. बोटावर धरली तर दिसत नाही, उजेडात फक्त एक तांबूस चमक हलते. एका जुन्या शिलाई मशिनची मोटर रेग्युलेटरवर हळू चालवून तिला आर्मेचर जोडलं. वेढे मोजायला साधा कॅल्क्युलेटर. फिरणाऱ्या चकतीवर छोटा चुंबक, शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आला की आपोआप जुळणारा), आणि त्याच्या तारा बरोबरच्या चिन्हाच्या बटणाखाली सोल्डर केलेल्या. एक अधिक एक करून सोडलं की दर फेरीला आकडा एकाने वाढतो.

पहिल्या रात्री 3,740 वर तार तुटली. आवाज नाही, झटका नाही, ती चमक फक्त दिसेनाशी झाली. कारण शोधायला अर्धा तास गेला. तारेचं रीळ मी खिळ्यावर गोल फिरेल असं लावलं होतं. आर्मेचर आयताकृती, त्यामुळे प्रत्येक फेरीत तार दोनदा ओढली जाते आणि दोनदा सैल पडते, आणि त्या प्रत्येक हिसक्याला अख्ख्या रिळाला वेग घ्यावा लागतो. रीळ फिरवायचंच नसतं. ते उभं ठेवायचं आणि तार त्याच्या डोक्यावरून सुटू द्यायची, भोवऱ्याच्या दोरीसारखी. मध्ये मखमलीच्या दोन तुकड्यांची चिमटी, तेवढाच ताण.

तुटलेली टोकं सोल्डर करून मी पुढे निघालो होतो. हल्लीचं पॉलियुरेथेन इनॅमल खरवडावं लागत नाही, कावियाच्या उष्णतेनेच जळून जातं, त्यामुळे सांधा पाच मिनिटांत झाला. काकांना फोनवर सांगितलं.

"सांध्याचं टोक वर आलंय का?"

"जरासं. बारीक आहे."

"बारीक आहे तेच वाईट. दहा हजार व्होल्टला टोक आवडतं. तिथूनच कागद फोडणार. बघ बाबा तुझं तू."

रात्री साडेअकराला 3,740 वेढे कात्रीने कापून टाकले. कॅल्क्युलेटर शून्यावर आणताना जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या खेपेला तीन रात्री लागल्या. एका थरात साधारण पाचशे वेढे, मग पातळ कागदाचा एक फेरा, मग पुढचा थर. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन्ही कडांनी किंचित आत घ्यायचा, कारण वरच्या थरांत दाब वाढत जातो आणि विजेला कागद फोडण्यापेक्षा कडेवरून खाली उतरणं सोपं वाटतं. कडेचा एकच वेढा घसरून खालच्या थरावर पडला तरी सगळं वाया. म्हणून थराच्या शेवटचे वीस-पंचवीस वेढे मोटर बंद करून हाताने. घरात पंखा बंद, दार बंद. शिंक आली तर आधी मशीन थांबवायचं आणि मग शिंकायचं, हा नियम मी दुसऱ्या रात्री केला.

10,050 वर थांबलो. हिशेबापेक्षा पन्नास जास्त, शुभेच्छा म्हणून.

दमटपणा घालवायला आर्मेचर दोन तास शंभर अंशांवर भाजलं. मग पातळ इपॉक्सीत बुडवून हवा ओढली. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उलटा जोडला की कामापुरता व्हॅक्यूम पंप होतो. जाड स्टीलच्या डब्यावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं झाकण. त्यातून बघत बसलो. पहिली दहा मिनिटं सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे, तारांमधली हवा बाहेर येत होती. मग एकेक, मग एखादाच. आत हवेचा खिसा राहिला तर तिथेच ठिणग्या सुरू होतात आणि काही महिन्यांत इन्सुलेशन खाऊन टाकतात. हवा परत सोडली तेव्हा डब्यातली रेझिनची पातळी डोळ्यांदेखत खाली गेली, हवेची जागा तिने घेतली. घट्ट झाल्यावर लोखंडावर आलेले सगळे ओघळ खरवडून, पॉलिश पेपरने घासून आर्मेचर मूळ मापावर आणलं आणि पोलमध्ये फिरवून पाहिलं. घासत नव्हतं.

बाकीची कामं भराभर झाली, पण त्यातल्या दोन-तीन जागा सांगतो, कारण 'कमजोर' म्हणून टाकून दिलेल्या मॅग्नेटोत बऱ्याचदा एवढंच असतं. स्लिप रिंगवर, म्हणजे सेकंडरीची वीज बाहेर देणाऱ्या फिरत्या कड्यावर, काळी, केसाइतकी रेघ होती. कार्बनची धूळ आणि तेल मिळून विजेला पायवाट करून देतात. पेट्रोलने पुसून पॉलिश केली, रेघ गेली. ती बेकेलाइटमध्ये खोल भाजलेली असती तर रिंगच बदलावी लागली असती. पॉइंटचा हलणारा हात फायबरच्या बुशवर फिरतो. फायबर दमट हवेत फुगतं आणि हात अडकून बसतो, पॉइंट उघडतात पण मिटत नाहीत. बुशचं भोक किंचित मोठं केलं. पॉइंट बारीक दगडावर सपाट केले, पॉलिश पेपरने घासले नाहीत, कारण त्याचे कण धातूत रुततात. फट 0.3 मिलिमीटर.

आणि अर्थ ब्रश. या प्रकारात पॉइंट आर्मेचरबरोबर फिरतात, त्यांना ढकलून उघडणारं कॅमचं कडं स्थिर असतं, त्यामुळे फिरणाऱ्या भागाचा करंट बॉडीत उतरायला खास एक छोटा कार्बन ब्रश दिलेला असतो. माझ्याकडे त्या भोकात नुसती स्प्रिंग होती. कुणीतरी कधीतरी ब्रश हरवून, भोक बंद करून काम चालवलं होतं. करंट मग बेअरिंगच्या ग्रीसमधून वाट काढत होता आणि बॉलच्या धावपट्टीवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडले होते. बेअरिंग ई-15, आजही मिळणारं माप. त्याच्या बाहेरच्या कड्याभोवती पातळ कागद असतो, कचरा समजून तो फेकू नये. करंट बेअरिंगमधून जाऊ नये आणि कडं घट्ट बसावं, म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो.

शेवटची गोष्ट पॉइंट उघडायची वेळ. आर्मेचरची मागची कड पोलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर सुटते तेव्हा प्रायमरीत करंट सर्वात जास्त असतो, पॉइंट तेव्हाच उघडायला हवेत. पॉइंटच्या मध्ये सिगारेटचा कागद धरून आर्मेचर फिरवत गेलो. कागद सुटला तेव्हा फट मोजली तर पाच मिलिमीटर होती. पॉइंटची फट फार कमी ठेवली तर ते उशिरा उघडतात, पण माझ्याकडे कॅमचं कडंच झिजून उशीर करत होतं. कड्याखाली पितळेचा पातळ तुकडा सारून ती अडीचवर आणली. एवढ्याने ठिणगी जितकी सुधारली तितकी चुंबक चार्ज करूनही सुधारली नव्हती, हे कबूल करताना त्या साडेपाच किलो तांब्याकडे बघवत नाही.

टेबलावर ड्रिल मशीनने मिनिटाला दोनशे फेऱ्या देत दोन तास चालवला, तोंडाशी साडेपाच मिलिमीटरची फट लावून. फट न लावता, वायर मोकळी सोडून मॅग्नेटो फिरवू नये. दाबाला बाहेर वाट नाही मिळाली की तो आत वाट शोधतो, आणि आत माझ्या तीन रात्री होत्या. दर वीस मिनिटांनी गरम हवा मारत होतो. ठिणगी ढळली नाही.

इंजिनावर बसवला, ठिणगीची वेळ सुरू करण्यापुरती मागे घेतली, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरलं. उलटा झटका आला तर अंगठा वाचतो. प्लगची फट 0.5 मिलिमीटर. दुसऱ्या हँडलला सुरू झालं. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. काका खुर्ची ओढून बसले होते, त्यांनी एकदा वाकून मॅग्नेटोच्या अंगाला हात लावला आणि पटकन काढून घेतला. "तापलंय चांगलं," म्हणाले, "आता बंद कर."

"चालतंय की, काका."

"चालतंय ते दिसतंय. बंद करून परत चालू होतंय का ते बघायचंय ना?"

बटण दाबून प्रायमरी अर्थ केली, म्हणजे बॉडीला जोडून ठिणगी बंद केली. फ्लायव्हील थांबायला पाऊण मिनिट लागलं. मी पुन्हा हँडल अडकवलं. काकांनी हात पुढे केला, म्हणून त्यांच्याकडे दिलं. त्यांनी एकदाच ओढलं.